‘डा’ म्हणजे डावा

आमच्या सरांशी हात मिळवायचा तर डावा हात पुढे करावा लागे. नव्या माणसाला हे ठाऊक नसायचं. तो रीतीप्रमाणे उजवा हात पुढे करी, सर आपला डावा पुढे करीत, आणि दोघांचे पंजे अवघडून एकमेकांना नुसते चाचपत राहत. सरांना तेच हवं असे.

"बसला का?" ते विचारत. "नाई बसला. आता डावा दे."

डावा दिला की पंजा पंज्यात नीट बसे. तो हात सोडायच्या आधी सरांचा पहिला धडा संपलेला असे. "दिसाले दोन्ही हात सारखेच. इथं पाच बोटं, तिथं पाच बोटं. पण एकाच्या जागी दुसरा जात नाई. औषधाचंही असंच असते. झालं, अर्धं पुस्तक संपलं."

वर्धेच्या एका फार्मसी कॉलेजात ते औषधशास्त्र शिकवत. मी तिथे आधी बी.फार्म. आणि मग त्यांच्याच हाताखाली एम.फार्म. केलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही आणि सरांचंही लिहीत नाही. ते वाचतील तेव्हा त्यांना कळेलच. मुलं त्यांना डावरे सर म्हणत. आमच्याकडे डावखुऱ्याला डावरा म्हणतात. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना ते त्यांचं आडनावच वाटलं आणि त्यांनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर ‘श्री. डावरे सर, सपत्नीक’ असं लिहून पाठवलं. सर ती पत्रिका घेऊन अख्ख्या स्टाफरूममध्ये फिरले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मान देऊन म्हणलं," असं सांगत.

त्या लग्नाला ते गेलेही. मी बरोबर होतो. पंगतीत त्यांनी डाव्या हाताने वरणभात कालवायला घेतला तसे समोरचे एक म्हातारे अस्वस्थ झाले.

"सर, लग्नघर आहे. उजव्या हातानं जेवा नं."

"काकाजी," सर शांतपणे म्हणाले, "उजव्या हातानं खाल्लं तं तुमच्या पोटाले समजते का?"

"समजत नाई."

"मंग त्याले काऊन सांगून राह्यले?"

सगळी पंगत हसली, म्हातारेही हसले आणि सरांना वाढप्याने एक बुंदीचा लाडू जास्त वाढला.

सर सेलूजवळच्या शेतकरी घरातले. लहानपणी आई जेवताना त्यांचा डावा हात पंच्याने कमरेला बांधून ठेवायची. शाळेत मास्तर पट्टीच्या कडेने बोटांवर मारत. हे सगळं ते हसत सांगत. एकच गोष्ट सांगताना हसत नसत. घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की कोणीतरी म्हणे, "डाव्या हातानं धरलं असंन." ते घरात नसतानाही म्हणत.

म्हणूनच त्यांना आरशातल्या औषधांचं, म्हणजे एकाच औषधाच्या डाव्या-उजव्या रूपांचं, वेड लागलं असेल, असं मला वाटतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही.

वर्गात ते बटाटा घेऊन येत. बटाट्यात खराट्याच्या चार काड्या टोचत आणि काड्यांच्या टोकांना संत्रं, लिंबू, आवळा आणि बोर लावत. हा झाला रेणू. मग खिशातून दाढीचा गोल आरसा काढून त्यासमोर धरत. आरशात दिसतो तसा दुसरा बटाटा आमच्याकडून करून घेत. दोघांत तीच फळं, तितक्याच काड्या. पण काही केल्या एक बटाटा दुसऱ्यासारखा ठेवता येत नसे. संत्रं आणि लिंबू जुळवलं की आवळा नि बोर चुकत. आम्ही दहा मिनिटं झटापट करायचो. शेवटी सर म्हणत, "हरले? आता रेणू खाऊन टाका." बटाटा कोणी खात नसे.

मेंदूचं ते असं समजावत. मेंदूत डोपामीन नावाचा एक निरोप्या असतो. त्याला बसायला ठरलेली जागा असते, तिला रिसेप्टर म्हणायचं. तो तिथे बसला की निरोप पोचतो. काही आजारांत हे निरोप इतके वाढतात की माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले वैरी दिसतात. त्यावरचं औषध काय करतं? निरोप्याच्या आधी जाऊन ती जागा अडवून बसतं आणि स्वतः काहीच बोलत नाही. "पण ती जागा पायाच्या मापाची चप्पल असते तशी हाय," सर म्हणत. "तिले डावं-उजवं कळते. औषधाचा एक भाऊ बसते. त्याचा आरशातला भाऊ तितकाच गोरा, तितकाच वजनदार, पण तो बाहेरच हिंडत राह्यते."

चपलेवरून आठवलं. प्रयोगशाळेत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. प्रॅक्टिकल चालू असताना सर गुपचूप बाहेर जात आणि एखाद्याच्या जोडीतली डावी चप्पल उजवीकडे, उजवी डावीकडे ठेवत. सुटी झाली की मुलं गप्पा मारत घाईने पाय घालत. ज्याचा पाय अडे तो थबकून खाली बघे. मग दारामागून सर टाळी वाजवत बाहेर येत. "पाहा! डोळ्याले नाई, पायाले पहिले समजलं! हाच रिसेप्टर!" पन्नाशीचा माणूस. टाळ्या वाजवताना खरोखर उड्या मारायचा.

सरांना पीएच.डी. नव्हती. त्यामुळे बढत्या हुकल्या होत्या आणि त्याचं त्यांना फारसं वाटतही नसे. पण त्यांच्याबरोबर शिकलेले एक जण परदेशात औषधांवर काम करत होते. त्यांनी एकदा ब्युटाक्लॅमॉल नावाच्या औषधाची दोन्ही रूपं चिमूट चिमूट पाठवली. हे औषध दुकानात कधी आलं नाही, पण मनोविकारांवरच्या औषधांचा अभ्यास करणाऱ्यांत प्रसिद्ध आहे, कारण त्याच्यात सरांची गोष्ट अगदी स्वच्छ दिसते. आपल्या द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशाला उजवीकडे वळवणारं रूप, म्हणजे उजवा भाऊ, रिसेप्टरवर घट्ट बसतं. डावीकडे वळवणारं जवळजवळ बसतच नाही. हे जगाला माहीत होतं. सरांना ते स्वतःच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या उंदरांवर बघायचं होतं आणि त्यावरून पुढे पीएच.डी.चं काम उभं करायचं होतं. पावडर आली त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले. डाव्या हाताने.

प्रयोग साधा होता. पांढऱ्या उंदराचे पुढचे दोन पाय एका आडव्या लाकडी दांडीवर ठेवायचे. साधा उंदीर दोन-तीन सेकंदांत खाली उतरतो. औषध मेंदूत नीट बसलेलं असेल तर तो उतरत नाही. खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून कोणाची वाट बघणाऱ्या माणसासारखा तसाच उभा राहतो. किती वेळ उभा राहिला ते घड्याळावर मोजायचं.

पण सरांचा एक नियम होता. सुई देणाऱ्याला परिणाम कळू नये, आणि परिणाम बघणाऱ्याला औषध कळू नये. नाहीतर आपण आपल्याला हवं तेच बघतो. म्हणून सर आतल्या खोलीत सुई देत आणि कोणत्या उंदराला कोणती बाटली दिली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दुमडून ठेवत. मी बाहेरच्या खोलीत घड्याळ घेऊन बसे आणि नुसते उंदराचे नंबर आणि सेकंद लिही. सगळं संपल्यावर चिठ्ठ्या उघडायच्या, दोन्ही जुळवायचं आणि इंग्रजीत रजिस्टर तयार करायचं. हे जुळवायचं काम माझं.

सर बाटल्यांवरची लेबलं नेहमी मराठीत लिहीत. "इंग्रजी लेबल न वाचता लोक मरते," ते म्हणत. "आपल्या अक्षरात लिहू, म्हंजे निदान वाचून मरतीन." दोन बाटल्यांवर त्यांनी पट्ट्या चिकटवल्या होत्या. एकीवर ‘उ’, उजव्याचा. दुसरीवर ‘डा’, डाव्याचा. चिठ्ठ्यांवरही तसंच. ‘उंदीर एक, डा. उंदीर दोन, उ.’ डाव्या हाताचं त्यांचं अक्षर इतकं वळणदार होतं की कॉलेजची मानपत्रं त्यांच्याकडून लिहून घेत.

ज्या दुपारी मी रजिस्टर लिहायला बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी नागपुरात एका औषध कंपनीत मुलाखत होती. मनात सगळी इंग्रजी उत्तरं चालू होती. उजवीकडे वळवणाऱ्या रूपाला इंग्रजीत डेक्स्ट्रो म्हणतात, त्याची खूण डी. डावीकडचं लेव्हो, त्याची खूण एल. माझ्यासमोर पहिली चिठ्ठी आली तिच्यावर होतं ‘डा’. मी रजिस्टरमध्ये लिहिलं ‘डी’. ड म्हणजे डी, त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. मग उरला तो ‘उ’. डी झाला म्हणजे उरलेला एल. एकामागून एक सगळे उंदीर मी असे उलटे करून टाकले. पुन्हा ताडून पाहिलं नाही. चिठ्ठ्या रबर लावून बॅगेत टाकल्या आणि इस्त्रीचे कपडे आणायला गेलो.

सरांनी तक्ता वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचला. जगभर जे रूप काम करतं ते आमच्याकडे निकामी ठरलं होतं आणि निकामी रूपाने उंदीर गोठले होते.

"दोनदा ताडून पाह्यलं नं?"

"हो, सर. दोनदा."

"बाटल्या?"

"धुतल्या, सर. पावडर संपल्यावर तुम्हीच सांगितलं होतं."

"हो. मीच सांगतलं."

दुसरा कोणी असता तर त्याने हा तक्ता कपाटात टाकला असता. सर म्हणाले, "उंदीर काही आपल्या सोयीसाठी खोटं बोलत नाई. जे आलं ते सांगू, आणि लोकायले विचारू की आपलं कुठं चुकलं." नागपूरला औषधशास्त्रवाल्यांची एक बैठक होती. तिथे ते गेले. मी तक्ते धरायला बरोबर होतो. सरांनी पंधरा मिनिटं प्रामाणिकपणे सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाले, "हे उलटं का आलं ते मला समजलेलं नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी, सरांना ओळखणारंच कोणीतरी, मोठ्याने म्हणालं, "सर, आपके चूहे भी लेफ्टी हैं क्या?"

हॉल हसला. वाईट हेतूने नव्हे, दुपारच्या जेवणाआधी लोक हसतात तसा. सरही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. बुटीबोरी गेल्यावर म्हणाले, "पट्ट्या मीच लावल्या होत्या. एक बाटली या हातात, एक त्या हातात. ठेवताना अदलाबदल झाली असंन."  थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "घरी म्हणत तवा मले राग ये. हाताचा काय संबंध, म्हणो मी." त्यांचा डावा हात मांडीखाली दाबलेला होता. रविवारसाठी गावी जायला ते सेलूला उतरले, तोवर तो तिथेच होता.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळी खोलीवर मी कागद आवरायला काढले, तेव्हा बॅगेतून रबर लावलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. वरच्याच चिठ्ठीवर ‘डा’ होतं. ते अक्षर सरांनी जसं लिहिलं होतं तसं मी या वेळी वाचलं. डावा.  रजिस्टरची नक्कल शेजारी ठेवून एकेक उंदीर तपासला. ‘उ’चे सगळे उंदीर दांडीवर गोठले होते. ‘डा’चे सगळे दोन-तीन सेकंदांत उतरले होते. प्रयोग अगदी पुस्तकात छापावा इतका सुंदर जमला होता. सरांची एकही चूक नव्हती.

सोमवारी सगळं सांगायचं ठरवून कॉलेजात गेलो. चिठ्ठ्या शर्टाच्या वरच्या खिशात होत्या. सरांचा तास चालू होता, मी दाराशी थांबलो. सर फळ्यावर लिहीत होते. उजव्या हाताने. अक्षरं पाटीवरच्या मुलाच्या अक्षरांसारखी, एक वर एक खाली. खडू मोडला. त्यांनी दुसरा घेतला, तोही मोडला.

"सर, आज काय नवीन खेळ?" कोणीतरी विचारलं.

"सवय लावून राह्यलो," सर म्हणाले.

मुलांना अजून काहीतरी गंमत होईल असं वाटत होतं. झाली नाही.

तास संपल्यावर मी त्यांच्यामागून खोलीत गेलो. टेबलावर माझा एम.फार्म.चा प्रबंध सहीसाठी ठेवलेला होता. त्याचा विषय वेगळा होता, या प्रयोगाशी संबंध नव्हता. पण सही त्यांची लागणार होती आणि मुलाखतवाल्यांनी मला होकार कळवला होता. मी तोंड उघडायच्या आत सरांनीच विचारलं, "माझ्या त्या चिठ्ठ्या आहे का रे तुझ्यापाशी? एकदा पाहून घेतो म्हणतो."

मी म्हणालो, "फेकल्या, सर. रजिस्टर झाल्यावर."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की चूक कोणाचीही होते. ते खरं आहे. पण हे वाक्य चूक नव्हतं. चिठ्ठ्या माझ्या छातीला लागलेल्या होत्या.

"बरं केलं," सर म्हणाले. "राहून काय कराचं." आणि त्यांनी माझ्या प्रबंधावर सही केली, उजव्या हाताने.

ती सही विद्यापीठाच्या कारकुनाने परत पाठवली. जुन्या सहीशी जुळत नाही म्हणाला. सर माझ्याबरोबर नागपूरला आले, कारकुनासमोर उभे राहिले आणि त्याने दिलेल्या कागदावर पुन्हा तशीच वेडीवाकडी सही केली. खाली लिहून दिलं, ‘ही सही माझीच आहे.’ डाव्या हाताने केली असती तर एका क्षणात काम झालं असतं. माझी पदवी त्या सहीवर उभी आहे.

पावडर पाठवणाऱ्या मित्राला त्यांनी पत्र लिहिलं, की माझ्या हातून घोटाळा झाला, तुझी मोलाची वस्तू वाया गेली. ते पत्र पोस्टात टाकायला मीच गेलो. पाकीट पेटीत टाकताना आत काय आहे ते मला माहीत होतं.

पीएच.डी.चा विषय त्यानंतर निघाला नाही. कॉलेज सोडेपर्यंत मी त्यांना कोणाच्या चपला बदलताना पाहिलं नाही. हात मिळवणंही बंद झालं. कोणी भेटलं की नमस्कार करत. नमस्कार करताना डावा तळवा उजव्यासमोर येतो, अगदी आरशासमोर आल्यासारखा. ते बघितलं की मी दुसरीकडे बघत असे.

नोकरी मी सहा वर्षं केली. मग हिंगणघाटला औषधांचं दुकान टाकलं. सर निवृत्त होऊन सेलूला राहतात, इतकं कानावर होतं. सेलू किती लांब आहे? तरी अकरा वर्षांत मी गेलो नाही. चिठ्ठ्या मात्र टाकल्या नाहीत. मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या.

एके दिवशी गावातले एक कापडवाले दुकानात आले. त्यांचा धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांपासून आजारी होता, भिंतींशी बोलायचा. वर्धेच्या डॉक्टरांनी औषध बदलून दिलं होतं. मी गोळ्यांची पट्टी काढून दिली. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं.

"पहिल्या औषधाचंच नाव दिसते. फक्त समोर लेव्हो लागलं. लेव्हो म्हंजे काय जी?"

"डावं," मी म्हणालो.

"डावं?" त्यांनी पट्टी काउंटरवर परत ठेवली. "मंग राहू द्या. उजवं नाई का?"

मला हसू आलं. मी त्यांना समजावून सांगितलं, की आधीच्या गोळीत दोन्ही भाऊ एकत्र होते, डावा आणि उजवा. यात नुसता डावा आहे. कारण या औषधात मेंदूत जाऊन नीट बसतो तो डावाच. उजवा बाहेर हिंडत राहतो.

"असं हाय का," ते म्हणाले. "म्हंजे डावा कामाचा."

"हो."

"चांगलं समजावून सांगता जी तुमी. कोनाजवळ शिकले?"

ते पट्टी घेऊन गेले. पुढच्या रविवारी मी तशीच एक पट्टी आणि पेटीतल्या चिठ्ठ्या घेऊन सेलूला गेलो.

सर ओसरीवर पेपर वाचत होते. खूप बारीक झाले होते. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. आत हाक मारली, "अवं, पाहा कोण आलं. पोहे टाक." ओसरीच्या पायरीवर चपला काढून मी त्यांच्यामागे आत जाऊन बसलो. काकूंनी पोहे आणले. सर उजव्या हाताने खात होते. इतक्या वर्षांनीही चमच्यातले दोन-चार दाणे मांडीवर पडत होते, आणि काकू काही न बोलता ते उचलत होत्या.

मी बशी खाली ठेवली. "सर, एक सांगायचं आहे," म्हणालो आणि चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. मग सगळं सांगितलं. ड म्हणजे डी वाचल्याचं. दोनदा ताडून पाहिलं नव्हतं तेही. खिशाचंही सांगितलं.

सरांनी चिठ्ठी लांब धरून वाचली.

"हे अक्षर माझं हाय."

"हो, सर."

"चांगलं होतं बे."

मग त्यांनी एकेक चिठ्ठी उलगडली. "‘उ’वाले गोठले होते?"

"सगळे."

"सगळे? एकही नाई उतरला?"

"एकही नाही. आणि ‘डा’वाले सगळे लगेच उतरले."

"म्हंजे बसलं होतं!" सर एकदम म्हणाले आणि क्षणभर त्यांचा चेहरा मी ओळखत होतो तसा झाला. दारामागून टाळी वाजवत येत तेव्हाचा. मग तो चेहरा गेला. "तू त्या दिवशी माझ्यासमोर उभा होता. चिठ्ठ्या वरच्या खिशात होत्या?"

"हो, सर."

"खिसा फुगलेला दिसला होता मले. वाटलं, नोकरीचं पत्र असंन."

 काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"मी माफी मागायला..."

"ती इतक्यात नको मागू," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुले सांगाले अकरा वर्षं लागले. मले थोडा टाइम घेऊ दे."

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता त्यांना मी समोर नको आहे. बाहेर नळाचा आवाज आला. काकू म्हणाल्या, "रातीतून उठूनही हात पाहत बसे हा मानूस. तुमाले काय सांगू." एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

सर हात पुसत परत आले. मी गोळ्यांची पट्टी पुढे केली आणि कापडवाल्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून नाव वाचलं. "हे वाचलं होतं मी याच्यावर," म्हणाले. "पण दुकानात आलं हे नवीनच." मग माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेवर काहीतरी लिहून पेपर माझ्याकडे फिरवला.

"वाच."

"‘डा’," मी वाचलं.

"म्हंजे?"

"डावा, सर."

अक्षर थोडं थरथरलं होतं, पण वळण तेच होतं. चहा घेऊन आलेल्या काकू त्यांच्या हाताकडे बघत थांबल्या. पेन डाव्या हातात होतं.

"हे काय नवीन?" त्यांनी विचारलं.

"नवीन नाई. जुनंच हाय," सर म्हणाले आणि चहाचा कप घेतला.

चहा झाल्यावर मी निघालो. पाया पडलो, तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. चिठ्ठ्या त्यांच्यापाशीच राहिल्या. "येतो, सर," म्हटलं. त्यांनी पेपरमधून मान हलवली.

ओसरीच्या पायरीवर मी न बघताच उजवा पाय चपलेत घातला. अंगठा अडला. पुन्हा घातला, पुन्हा अडला. मग खाली पाहिलं. चपला नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.

मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. आतून काकूंचा आवाज मात्र आला, "काऊन हसून राह्यले एकटेच?"